अर्धवट टाकता येईल असा छंद: दीर्घ आजारात मन रमवण्याची तयारी

मला आमवात होऊन अकरा वर्षं झाली. त्याआधी महिन्यातून एक तरी ट्रेक व्हायचा आणि पावसाळ्यात ठाण्याजवळचं येऊरचं जंगल ठरलेलंच. आजाराचं नाव कळलं तेव्हा भेटेल तो एकच सल्ला द्यायचा, "एखादा छंद लावून घे, मन रमेल." सल्ल्यात खोट काही नव्हती. फक्त छंद लावून कसा घ्यायचा, हे कोणी सांगितलं नाही. पहिल्या तीन वर्षांत माझ्याकडे एक गिटार, जलरंगांचा महागडा संच, भाजीच्या आठ कुंड्या आणि एका चित्रकला वर्गाची पावती एवढं जमा झालं. गिटारच्या तारा बोटांना सोसल्या नाहीत. मी पंधरा दिवस अंथरुणाला खिळले तेव्हा भाजी वाळून गेली. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती, हे पैसे भरल्यावर कळलं. तिसऱ्या खेपेला मी पहिल्या मजल्यावरूनच खाली उतरले. फी परत मिळाली नाही.

हा सगळा पसारा कपाटात कोंबताना एक गोष्ट लक्षात आली. मी दरवेळी स्वतःला विचारत होते, "हे मला जमेल का?" बऱ्या दिवशी पुष्कळ काही जमतं, म्हणून उत्तर नेहमी 'हो' येतं. विचारायला हवं होतं ते असं: हे मी मध्येच टाकलं आणि तीन आठवड्यांनी परत उचललं, तर तोवर काय बिघडलेलं असेल? काहीच बिघडणार नसेल तर तो छंद आपल्या कामाचा. कुंडीतली मेथी मरते, वर्ग पुढे निघून जातो, मासे तर उपाशीच राहतात.

पुढचं सगळं याच प्रश्नाभोवती आहे. मी डॉक्टर नाही. आमवात माझा, बाकीचं आजूबाजूच्या माणसांकडून कळलेलं: डायलिसिसला जाणारे शेजारचे काका, ऐरोलीच्या मैत्रिणीचे पार्किन्सन्स असलेले वडील, माझ्या फिजिओथेरपीच्या बाकावर भेटलेली मंडळी. पायऱ्या-पायऱ्यांनी सांगते असं लिहिणार होते, पण पायऱ्यांशी माझं पटत नाही. म्हणून टप्पे.

पहिला टप्पा: दोन आठवडे नुसती वही

काहीही विकत घेण्याआधी चाळीस पानी वही घ्या. रोज तीन वेळा, म्हणजे उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री, दोन आकडे लिहा: दुखणं दहापैकी किती आणि अंगातली ताकद दहापैकी किती. शेजारी त्या दिवशी काय केलं ते चार शब्दांत. बस. जास्त लिहायला गेलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल.

मात्र वाचताना एक गोष्ट सांभाळायची. आजच्या कामाचा हिशोब आजच्या आकड्यात शोधायचा नाही, उद्या-परवाच्या आकड्यात शोधायचा. थकव्याच्या बऱ्याच आजारांत दणका उशिरा बसतो. माझ्या पहिल्या वहीतली एक नोंद अशी आहे: "शनिवार. ताकद 7. कपाट आवरलं, खूप छान वाटलं." सोमवारी: "ताकद 2. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला." कपाट आणि कप यांचा संबंध मला वहीशिवाय लागला नसता.

सोसायटीतल्या वरच्या टाकीसारखं हे गणित आहे. पाणी ठरावीक वेळीच चढतं. सकाळी कोणी पाइप लावून गाडी धुतली तर संध्याकाळी नळाला हवा येते, आणि मग कितीही ओरडलं तरी दुसऱ्या दिवसाच्या पाण्याची वाट बघावी लागते. आपली टाकी केव्हा भरलेली असते, हे वही सांगते. मला कळलं ते असं: सकाळी उठल्यावर तास-सव्वा तास बोटं आखडलेली असतात, तेव्हा हाताचं काहीच नको. अकरा ते साडेबारा सगळ्यात बरं. मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या औषधाच्या गोळ्यांचा दिवस आठवड्यातून एकदा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त कानांचे छंद. डायलिसिसवाल्या काकांचं कोष्टक वेगळं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीन, आणि घरी आल्यावर संध्याकाळ झोपेची. पण मशीनवरचे ते चार तास बिनकामाचे! त्यांचा छंद तिथेच सापडला, ते पुढे सांगते.

दुसरा टप्पा: जुन्या छंदाचा अर्क काढा

ज्यांना जन्मापासून किंवा लहानपणापासून अपंगत्व आहे, त्यांनी हा टप्पा सोडला तरी चालेल. मध्येच आजार आलेल्यांना मात्र इथे थोडं रडावं लागतं, आणि ते रडून घ्यावं.

जे गेलं त्यात आपल्याला नेमकं काय आवडायचं? मी 'ट्रेकिंग' असं एका शब्दात उत्तर द्यायचे. माझ्या थेरपिस्टने कागदावर तुकडे करायला लावले. डोंगर चढणं, घाम येणं, चार मैत्रिणी, डबा खाणं, झाडापाखरांची नावं ओळखणं, परत येऊन इतरांना सांगणं. मग म्हणाली, "ताई, यातलं चढणं मला परत आणून देता येणार नाही. बाकीच्यातलं काय हवंय ते बोला." मला नावं ओळखणं हवं होतं. हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

क्रिकेट खेळणाऱ्याला कदाचित डावपेच हवे असतील, मग बुद्धिबळ. स्वयंपाकाची आवड असलेल्या बाईला खाऊ घालण्यातलं कौतुक हवं असेल किंवा नुसतेच वास हवे असतील, आणि या दोन गोष्टींचे रस्ते निराळे आहेत. सहा-सात तुकडे लिहा, त्यातल्या दोनांखाली रेघ ओढा.

तिसरा टप्पा: चाळणी

आता छंदांची यादी करा आणि प्रत्येक छंदाला तो 'मध्येच टाकलं तर काय बिघडेल' हा प्रश्न विचारा. मी केलेली चाळणी दाखवते, म्हणजे पद्धत कळेल.

विणकाम घ्या. दोन सुयांवरचं विणकाम आणि क्रोशे लांबून सारखंच दिसतं. पण दोन सुयांवर एका वेळी तीस-चाळीस टाके जिवंत असतात. काम पिशवीत पडून सुई निसटली की ओळच्या ओळ उसवते. क्रोशात एका वेळी जिवंत फंदा एकच. त्यात सेफ्टी पिन अडकवली की महिनाभर ठेवा, काही होत नाही. मी क्रोशे निवडलं ते एवढ्यासाठी. दिसायला मला अजूनही दोन सुयांवरचं जास्त आवडतं.

चित्रकलेत जलरंगाची वडी वाळली तरी पाण्याच्या थेंबाने परत जागी होते. तैलरंगाची पॅलेट अर्धवट ठेवली तर पुढच्या वेळी खरवडत बसावं लागतं, शिवाय टर्पेंटाइनचा वास. शाडूची मूर्ती अर्धी सोडायची तर ओलं फडकं आणि प्लास्टिक गुंडाळून ठेवावी लागते, आणि ते फडकं दोन दिवसांनी परत ओलं कोण करणार? झाडांमध्ये भाजीपाला बाद. कोरफड, जेड, स्नेक प्लांट, पाण्याच्या बाटलीतला मनीप्लांट: ही मंडळी दोन-तीन आठवडे तुमची आठवणही काढत नाहीत.

बुद्धिबळात समोरासमोरचा डाव अर्धा टाकता येत नाही, पण लीचेस या फुकट संकेतस्थळावर पत्राने खेळायचे तसे डाव आहेत. एका चालीला चौदा दिवसांपर्यंत मुदत घेता येते. डायलिसिसवाले काका मशीनवर तेच खेळतात. एका हातात सुया, तो हात हलवायचा नाही. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर एक चाल. दृष्टी नसलेल्यांसाठीही तिथे वाचक-सॉफ्टवेअरबरोबर चालणारी पद्धत आहे. प्रत्यक्ष पट हवा असेल तर अंधांच्या पटावर काळी घरं उंच असतात आणि सोंगट्या भोकांत खोचायच्या असतात, त्यामुळे चाचपताना डाव विस्कटत नाही. थरथरणाऱ्या हातांनाही हा पट फार सोयीचा. हे फारसं कोणाला सुचत नाही.

मोडी लिपी हा माझा लाडका छंद. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं. बोटं बरी असली की लिहायचं, नसली की जुन्या कागदांचे फोटो मोठे करून नुसतं वाचायचं. एखादा शब्द चार दिवस लागत नाही आणि पाचव्या दिवशी भाजी निवडताना लागतो! आठवडाभर हात नाही लावला तर चारशे वर्षं थांबलेली अक्षरं अजून थोडी थांबतात.

पाखरं ओळखणं तर खिडकीतून होतं. आमच्या नौपाड्यातल्या खिडकीसमोर पिंपळ आहे. फेब्रुवारीत तांबटाची टुक-टुक सुरू होते, तांब्याच्या भांड्यावर कोणी ठोके घालावेत तशी. मर्लिन नावाचं फुकट ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं, म्हणजे मान वर करायचीही गरज नाही. दर फेब्रुवारीत जगभर चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतं. किमान पंधरा मिनिटं पाहून यादी पाठवायची, तीही अंथरुणातून. ज्यांना ट्रेकमधलं 'आपण कशाचा तरी भाग आहोत' हे हवं होतं, त्यांनी हे जरूर करावं.

पंधरा मिनिटांत पुरं होणारी आणखी दोन कामं. मराठी विकिस्रोत या फुकट ऑनलाइन ग्रंथसंग्रहात जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान एका बाजूला आणि त्याचा मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. चुका दुरुस्त केल्या की पान लालचं पिवळं होतं, दुसऱ्याने तपासलं की हिरवं. एक पान झालं की काम पुरं, पुढचं पान कोणीही करेल. दुसरं कॉमन व्हॉइस, म्हणजे संगणकाला बोललेलं कळावं म्हणून आवाज गोळा करणारा प्रकल्प: मराठी वाक्यं मोठ्याने वाचून आवाज द्यायचा, किंवा इतरांनी वाचलेली ऐकून बरोबर-चूक सांगायचं. पडल्या पडल्या होतं.

चाळणीला आणखी तीन भोकं ठेवा. मांडायला आणि आवरायला किती वेळ लागतो? (रंगकामात अर्धी ताकद पाण्याचे पेले धुण्यात जाते.) एका हाताने होतं का? आणि दुसऱ्या कोणाचा खोळंबा होतो का?

जपायचं काय

हा भाग यादी केलेल्या छंदासह डॉक्टरांपुढे ठेवा, कारण माणसागणिक फरक पडतो. "छंद केला तर चालेल का" असं मोघम विचारलं की "हो हो, करा" असं मोघम उत्तर येतं. "कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, हाताने कालवलं तर चालेल का?" असं विचारा.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर मातीत हातमोजे, आणि कोरडं खत उपसताना मास्क. कबुतरांना दाणे घालण्याचा छंद दमा, फुप्फुसाचे आजार आणि आमच्यासारख्या सगळ्यांनी सोडावा. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला खरंच बाधते. दमा आणि सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) असलेल्यांनी टर्पेंटाइन, रेझिन, स्प्रे वॉर्निश टाळावं. गाणं मात्र त्यांच्या पथ्यावर पडू शकतं, श्वास लांबवायची सवय होते. ल्यूपस या प्रतिकारशक्तीच्या आजारात ऊन बाधतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात शरीर तापलं की लक्षणं वाढतात, म्हणून ठाण्याच्या मे महिन्यात दुपारी बाहेरचं काही ठरवू नका. मधुमेहाने बोटांची जाणीव कमी झाली असेल तर गरम गोंदाची बंदूक आणि मेणबत्त्या ओतणं नको. भाजल्याचं कळतही नाही. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर लाकूड कोरणं बाद. फिट येत असेल तर एकट्याने पोहायचं नाही. डायलिसिसच्या सुयांसाठी ज्या हाताची शीर जोडून घेतलेली असते (फिस्टुला), त्या हातावर वजन किंवा घट्ट पट्टा नको. पार्किन्सन्समध्ये ठेक्याची मदत होते: मैत्रिणीचे वडील चालताना अडखळतात, पण टाळ वाजवत अभंगाच्या ठेक्यावर पावलं टाकतात. त्यांचं अक्षर बारीक होत गेलं होतं. आता दुरेघी वहीत मोठ्या अक्षरांत रोज चार ओळी लिहितात.

चौथा टप्पा: पाचशे रुपये, तीन आठवडे

पहिल्या तीन आठवड्यांत पाचशे रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. क्रोशाची एक सुई, लोकरीचे दोन गुंडे. रंगाची बारा वड्यांची शाळकरी पेटी. पुस्तकं विकत न घेता आणा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उगीच उभं नाही. पुस्तक हातात धरता येत नसेल किंवा दिसत नसेल तर 'सुगम्य पुस्तकालय' हे 2016 साली सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय अशाच वाचकांसाठी आहे. ऐकायची पुस्तकं स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठीत भरपूर मिळतात.

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांचा गजर लावा आणि गजर झाला की थांबा. बरं वाटत असेल तरी. खरं तर बरं वाटत असेल तेव्हाच थांबायला शिकायचं असतं. दुसऱ्या दिवशीचा आकडा खाली गेला नाही तर पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं. गेला तर सात. तिसऱ्या आठवड्यानंतर एवढंच बघा: काल करता आलं नाही म्हणून चुकचुकलात का? चुकचुकला असाल तर पुढे चला. हायसं वाटलं असेल तर सामान शेजारच्या मुलीला देऊन टाका. मी गिटार सात वर्षं कपाटावर ठेवली होती, कपाट उघडताना दरवेळी तिची नजर चुकवत. भाच्याला दिली त्या दिवशी किती हलकं वाटलं!

पाचवा टप्पा: हत्यारं वाकवा, बोटं नको

बारीक वस्तू घट्ट पकडणं, हे बोटांच्या सांध्यांचं खरं दुखणं. क्रोशाची सुई पेन्सिलीहून बारीक. मी सायकलच्या दुकानातून हँडलची फोमची मूठ आणली, चार बोटं लांबीचा तुकडा कापला आणि त्यात सुई खोचली. सैल होती म्हणून सुईला आधी रबरबँड गुंडाळले. आता ती चाकूसारखी मुठीत धरते आणि मनगटाऐवजी कोपरापासून हात हलवते. पूर्वी आठ-दहा खांब (क्रोशाचे उभे टाके) विणले की अंगठा ठणकायचा, आता तीन ओळी होतात. हीच युक्ती ब्रशला, पेनला, खुरपीला चालते. फोम नसेल तर जुना मोजा आणि चिकटपट्टी.

लोकर मांडीवरून घरंगळते, वाकून उचलावी लागते. ती स्टीलच्या खोल डब्यात ठेवा. डबा जड, हलत नाही. मांडीवर उशी आणि उशीवर दोन्ही कोपरं, म्हणजे खांदे खांद्यांच्या जागी राहतात. कागद सरकत असेल तर खाली ताटाखालची रबरी जाळी. एकाच हाताने काम करणाऱ्यांसाठी टेबलाला अडकवायचा शिकंजा सुताराकडे मिळतो. कुंडी उचलायचीच नाही. ती मोठ्या कुंड्यांखाली असते तशा चाकांच्या पाटावर ठेवा, किंवा टेबलावर. मोबाइल हातात धरायला नको म्हणून लवचिक दांड्याचा स्टँड पलंगाला लावा. दृष्टी कमी असेल तर अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर हे स्क्रीन वाचून दाखवणारं साधन आधीपासूनच असतं, वेगळं घ्यावं लागत नाही.

सहावा टप्पा: उभ्याचं, बसल्याचं, पडल्याचं

निवडलेल्या छंदाची तीन रूपं कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवा. आजार उसळला की डोकंही चालत नाही, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

माझ्या झाडांचं असं आहे. उभ्याचं: कुंडी बदलणं, गच्चीवर जाणं. बसल्याचं: मनीप्लांटची छाटणी करून बाटल्यांत लावणं, पानं पुसणं. पडल्याचं: खिडकीतल्या पिंपळाचा रोज एक फोटो, एकाच कोनातून. मागच्या वर्षी पालवीच्या दिवसांतले फोटो ओळीने लावले तर तांबूस कोवळी पानं हिरवी होताना दिसली, आणि त्यातले कितीतरी फोटो ताकद 2 च्या दिवसांचे आहेत. संगीताचं: उभ्याचं नाटकाला जाणं, बसल्याचं पेटी, पडल्याचं एकच राग वेगवेगळ्या गायकांकडून ऐकणं. पडल्याचं रूप सुचत नसेल तर तो छंद परत चाळणीत टाका.

घराबाहेर पडायचं तर

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसिमिया, सिकलसेलही येतात, हे अनेक घरांत ठाऊक नसतं. आमवाताचं नाव वेगळं नाही, पण सांध्यांमुळे हालचालीवर आलेली मर्यादा तपासली जाते. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग नेमलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. रांगेची तयारी ठेवा, घडीची खुर्ची न्या.

ठाण्याहून नवी मुंबईला जायचं तर ट्रान्स-हार्बर गाडी ठाण्यातूनच सुटते, म्हणून थोडं थांबून रिकामी गाडी पकडा. एक गाडी सोडल्याने काही बुडत नाही. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला बोटी जातात. हिवाळ्यापासून मेपर्यंत हे पाहुणे असतात. ठाणे खाडीला 2022 मध्ये जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जाही मिळाला. बोटीची वेळ भरतीवर ठरते, ताकदीच्या वेळेवर नाही, म्हणून आपल्या वहीशी जुळणारी तारीख शोधून मगच नोंदणी करा. बोट जमणार नसेल तर नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या पाण्याकाठच्या बागेतला फेरफटका सपाट आहे. ठाण्यात कचराळी तलाव सकाळी. तलावपाळी मला प्रिय, पण संध्याकाळी तिथल्या गर्दीत काठी घेऊन चालणं म्हणजे सर्कस. खारघरचं सेंट्रल पार्क प्रशस्त आहे, पण प्रशस्त म्हणजे अंतरंही तशीच.

कुठेही जाण्याआधी फोन करून चार प्रश्न विचारा. "सोयीचं आहे का?" असं विचारू नका, "हो" असंच ऐकाल. दारापासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती? लिफ्ट आज चालू आहे का? स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, आणि कमोड आहे का? मध्येच उठून जायचं झालं तर कुठून? गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, मी कडेची खुर्ची घेते आणि मध्यंतरात उठत नाही. गर्दी ओसरल्यावर, घंटा होता होता उठते. त्या दिवशी आधी आणि नंतर काहीही ठरवायचं नाही. नाटकाचा एक दिवस म्हणजे वहीतले तीन दिवस.

माणसं

घरच्यांचं एक वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते: "एवढं विणता येतं, मग पोळ्या का नाही?" माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं, तेही रागाने नाही, खरंच न कळून. मी त्यांना सुई हातात दिली. "आई, ही मुठीत धरायची, दहा मिनिटांनी खाली ठेवायची. आता कणीक अशी मळता येते का बघा. आणि दहा मिनिटांनी परात तशीच सोडून आडवं होता येतं का?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सोडता येत नाही, खरंय." पोळ्यांना बाई लागली. विषय पुरता संपला असं नाही, पण तो आता टोमणा म्हणून येत नाही.

दुसरं वाक्य कौतुकाचं आणि जास्त घातक: "इतकं सुंदर करतेस, विकत का नाही?" मी एकदा बारा तोरणांची ऑर्डर घेतली, दिवाळीची. नवव्या तोरणाला गुडघा सुजला, बाकीची तीन वहिनींनी रात्री जागून पुरी केली. दिवाळी पुढे ढकलता येत नाही, म्हणजे ऑर्डर हा अर्धवट टाकता न येणारा प्रकार. पैशांची गरज असेल तर आधी करून ठेवा आणि मग विका, मुदत घेऊन करू नका.

गटात जायचं असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. मी असं सांगते: "मी येईन असं कळवेन आणि तरी कधी कधी त्याच सकाळी येणार नाही. फोन करून काय झालं विचारू नका, पुढच्या वेळी बोलवायला मात्र विसरू नका." मोडीच्या आमच्या गटात पाच जण आहेत. जो येत नाही त्याला त्या दिवशीच्या कागदाचा फोटो पाठवतात, सोबत प्रश्न नाही. सहावा एक जण दरवेळी "काळजी घे हं" म्हणायचा. तो आपणहून गळला, हे सांगताना मला वाईट वाटत नाही.

परत उचलताना

आजार उसळून शमला की पहिल्या दिवशी जोश येतो, बुडालेलं सगळं भरून काढावंसं वाटतं. त्या दिवशी पूर्वी जेवढं करत होतात त्याच्या निम्मं. काम ठेवताना 'पुढे काय' याची चिठ्ठी लिहून ठेवायची सवय लावा, नाहीतर परतल्यावर कुठे होतो हे शोधण्यातच दहा मिनिटं जातात. माझ्या डब्यात आत्ता चिठ्ठी आहे: "41वी ओळ, पाच खांब झाले, पुढे निळी." मोडीच्या वहीत बाराव्या पानावर एक शब्द अडलाय, 'क'ने सुरू होणारा. ती वही गौरी-गणपतीपासून तिथेच उघडी आहे.